इंजिन सुरू होण्याआधीच पैशाचं बोला: साइटवर जाऊन जेसीबी-पोकलेन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींसाठी

मशीन बंद पडलेलं असतं तेव्हा मालकाचा फोन दर पंधरा मिनिटांनी येतो. "मिस्त्री, कुठवर आलात?" मशीन सुरू झालं, पहिली बकेट भरली, की "उद्या टाकतो" सुरू होतं. कराडमधून निघून सातारा, सांगली आणि खाली कोकणापर्यंत क्रशर, रस्त्याची कामं आणि शेततळ्यांवरची मशीनं दुरुस्त करत मला बावीस वर्षं झाली. हाताला काम नाही असं एकदाही झालं नाही. पण पहिली दहा वर्षं घरात पैशाची ओढाताण होती, कारण केलेल्या कामाचे पैसे लोकांच्या खिशात पडून होते.

आपल्यासारख्या फिरत्या मिस्त्रीची खरी अडचण अशी, की मशीन आपल्या ताब्यात कधीच नसतं. गॅरेजवाल्याच्या दारात गाडी उभी असते, पैसे दिल्याशिवाय ती बाहेर जात नाही. आपण मात्र दुसऱ्याच्या जागेत जाऊन काम करतो आणि पाने-हत्यारं गोळा करून परत येतो. म्हणून पैशाचं जे काही ठरवायचं ते इंजिन सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. खाली मी माझी पद्धत क्रमानं लिहितो आहे.

पहिला फोन: बोलावतोय कोण आणि देणार कोण

पाच-सहा वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामावरून फोन आला. वीस टनी पोकलेनची ताकद गेली होती. जाऊन केस ड्रेनचा, म्हणजे पंपातून परत येणाऱ्या तेलाचा फिल्टर उघडला तर आत पितळेचा चुरा. बोटांवर घेतला तर उन्हात सोन्यासारखा चमकत होता. मेन हायड्रॉलिक पंपाच्या आतले पिस्टन शू गेले होते आणि सिलिंडर ब्लॉकवर चरे पडले होते. तीन रात्री तिथंच काढल्या. स्पेअर माझ्या ओळखीच्या दुकानातून, माझ्या उधारीवर आणले. ४१,००० चे स्पेअर धरून बिल झालं ६८,४००. सब-कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "महिनाअखेरीला बिल पास झालं की देतो." महिनाअखेरीच्या आतच त्यानं काम सोडलं. मशीन भाड्याचं होतं हे मला तेव्हा कळलं. मशीनच्या मालकाला गाठलं तर तो म्हणाला, "मिस्त्री, मी तुम्हाला बोलावलं होतं का?" त्याचंही चुकलं नव्हतं. दुकानदाराचे ४१,००० फेडायला मला चौदा महिने लागले.

तेव्हापासून गाडी काढण्याआधी फोनवर मी इतकं विचारतोच: मशीन कोणाच्या मालकीचं, सध्या कोणाकडे भाड्यानं, दुरुस्तीचा खर्च दोघांपैकी कोणाकडे, पैसे कोणाच्या खात्यातून येणार. ऑपरेटर किंवा सुपरवायझरनं फोन केला असेल तर मालकाचा नंबर मागतो आणि मालकाच्या तोंडून "या" ऐकतो. भाड्याच्या मशीनवर फिल्टर, ग्रीस, बकेटचे दात हे बहुतेक वेळा भाडेकरूकडे असतात, पंप-इंजिनसारखी मोठी कामं मालकाकडे. पण हे प्रत्येक करारात वेगळं असतं, म्हणून गृहीत धरायचं नाही.

कंपनी किंवा मोठा कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्यांचा जीएसटी नंबर मागा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो फुकट तपासता येतो. फर्मचं खरं नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, एवढं दोन मिनिटांत दिसतं. जो माणूस जीएसटी नंबर द्यायला दोन दिवस लावतो, तो पैसे द्यायला किती लावेल हे ओळखून घ्या. जेसीबीला आरटीओची नंबर प्लेट असते, ती टिपून ठेवा. चेनवरच्या पोकलेनला बहुधा नसते, तिथं मशीनच्या पाटीवरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढा.

दर: आधी स्वतःचा खर्च मोजा

बरेच मिस्त्री व्हिजिटचे पाचशे-आठशे सांगतात, कारण शेजारचा तेवढेच घेतो. माझा हिशेब बघा. डिझेल लिटरला नव्वदच्या घरात, माझी पिकअप लिटरला बारा किलोमीटर देते. नुसतं डिझेलच किलोमीटरला साडेसात रुपये. टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि हप्ता धरला की पंधरा. साइट ६० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन १,८०० रुपये. हेल्परचा रोज ७००. पान्याला हात लावायच्या आत २,५०० गेले.

म्हणून ६० किलोमीटरपर्यंत माझी व्हिजिट ३,००० आहे आणि त्यात पहिले दोन तास तपासणी धरलेली आहे. त्यापुढे तासाला ६००, रात्री आठनंतर दीडपट. स्पेअर येईपर्यंत साइटवर बसून राहावं लागलं तर निम्मा दर. तुमच्या भागात आकडे वेगळे असतील, पण ते तुमच्या वहीतून आले पाहिजेत. हा दर मी एका कागदावर छापून घेतला आहे आणि त्याचा फोटो प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला पाठवतो. छापील दर पाहिला की घासाघीस निम्मी होते.

मालक कुरकुरला तर शांतपणे त्याचाच हिशेब त्याला सांगा. जेसीबी तासाला हजार-बाराशे रुपयांनी चालत असेल आणि दिवसाला आठ तास काम असेल तर एक दिवस बंद म्हणजे आठ-दहा हजार गेले. बँकेचा हप्ता तर थांबत नाहीच.

निघण्याआधीचे पैसे आणि निघण्याआधीचा निरोप

व्हिजिटचे पैसे खात्यात आल्याशिवाय मी गाडी काढत नाही. जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाईकांना यातून सूट आहे, नव्याला नाही. पैसे आल्याची खात्री आपल्या बँकेच्या ॲपमध्ये करायची. समोरच्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबायचं नाही, कारण खोटे स्क्रीनशॉट सर्रास फिरतात.

त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक निरोप जातो. माझा निरोप असा असतो:

"शेठ, तुमची ३डीएक्स जेसीबी, साइट उंब्रजजवळ. बूम आपोआप खाली बसतोय असं ऑपरेटरनं सांगितलं. व्हिजिट ३,००० आगाऊ. उघडल्यावर काय निघालं ते फोटोसह कळवीन आणि खर्चाचा अंदाज देईन. तुमचा होकार आल्याशिवाय पुढचं काम करणार नाही. स्पेअर तुमच्या नावानं आणि तुमच्या पैशानं. निम्मी मजुरी फिटिंग सुरू करण्याआधी, उरलेली ट्रायल झाल्यावर साइटवरच. मान्य असेल तर 'हो' लिहा."

तो "हो" फार मोलाचा आहे. पुढे वाद झाला तर असे निरोप पुरावा म्हणून दाखवता येतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याची तयारी वकिलाकडून करून घेता येते. आपलं काम एवढंच की चॅट पुसायचं नाही आणि फोन बदलताना जुना जपून ठेवायचा.

स्पेअरमध्ये स्वतःचे पैसे घालू नका

माझं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मजुरी बुडाली तर आपला घाम जातो. स्पेअरचे पैसे बुडाले तर आपण कर्जात जातो आणि दुकानातली पतही जाते. म्हणून पार्ट नंबर आपण लिहून द्यायचा आणि मालकानं डीलरच्या काउंटरवर स्वतःच्या नावानं बिल करायचं, स्वतः पैसे भरायचे. आपण फक्त माल उचलायचा. सील किट, ओ-रिंग, होज यांसारखा किरकोळ माल आपल्या गाडीतून वापरला तर तो त्याच दिवशीच्या बिलात घ्यायचा.

याचे आणखी दोन फायदे आहेत. मालकाकडे जीएसटी नोंदणी असेल तर स्पेअरवर भरलेल्या कराची वजावट त्याला थेट मिळते. आणि आपल्यासारख्या सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडली की जीएसटी नोंदणी लागते. त्या उलाढालीत आपल्या बिलातून गेलेले स्पेअरही मोजले जातात. दोन मोठे पंप आणि एक इंजिन आपल्या बिलातून गेलं की हातात मजुरी थोडी असूनही आपण मर्यादेजवळ पोहोचतो. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मालक लांब आहे, त्याला वेळ नाही, तर स्पेअरची पूर्ण रक्कम आधी घ्या आणि दुकानाच्या बिलाचा फोटो त्याला लगेच पाठवा. त्यात आपला टक्का ठेवत असाल तर आधीच सांगा. लपवलेला टक्का एक दिवस बाहेर येतोच आणि मग तुमच्या मजुरीवरही शंका घेतली जाते.

साइटवर: उघडण्याआधी फोटो, जोडण्याआधी पैसे

पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे अवर मीटरचा, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा फोटो. मग मशीन चारही बाजूंनी, फुटलेली काच, वाकलेली शिडी, गळणारं तेल, सगळं. आपण येण्याआधी काय मोडलेलं होतं याची नोंद नसेल तर "हे तुम्हीच केलंत" म्हणून बिलातून कपात होते. माझ्याकडे कार्बन कॉपीचं जॉबकार्ड पुस्तक आहे: तारीख, मशीन, मीटर, तक्रार, आलो ती वेळ, निघालो ती वेळ, वापरलेला माल, आणि खाली साइटवरच्या जबाबदार माणसाची सही, नाव आणि नंबर. एक प्रत तिथं, एक माझ्याकडे.

मोठं काम नेहमी दोन तुकड्यांत करा. पहिल्या तुकड्यात उघडणं आणि निदान. बूम बसतोय म्हणजे सिलिंडरचं सील गेलंय की व्हॉल्व्हचा स्पूल गळतोय, हे बघितल्याशिवाय कोणीही ठाम सांगू शकत नाही. आकडा फोनवरच सांगून मोकळं झालं की तो आपल्या गळ्यात पडतो. निदान झालं की फोटो, अंदाज, आणि पुन्हा लेखी "हो". दुसऱ्या तुकड्यात फिटिंग, आणि ती निम्मी मजुरी आल्यावरच सुरू.

काही जण पैसे अडकू नयेत म्हणून एखादा सेन्सर काढून खिशात ठेवतात, किल्ली घेऊन जातात. असं कधीही करू नका. मशीन दुसऱ्याचं, जागा दुसऱ्याची. आपल्यावरच चोरीची तक्रार होऊ शकते. एखादा बोल्ट ढिला ठेवणं तर पापच आहे, खाली माणसं काम करत असतात.

कायद्यानं मात्र आपल्याला एक सरळ वाट दिली आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम १७०: दुरुस्तीसाठी वस्तू आपल्या ताब्यात दिली आणि आपण तिच्यावर कसब वापरून काम केलं, तर त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. साइटवरचं अख्खं मशीन यात बसत नाही, कारण ते आपल्या ताब्यात दिलेलंच नसतं. पण पंप, इंजेक्टर, सिलिंडर, स्टार्टर रीतसर चलन करून आपल्या शेडमध्ये आणला असेल तर बसतो. म्हणून पंपाचं काम मी साइटवर करत नाही. धुळीत पंप उघडणं तसंही चुकीचंच. शेडमध्ये आणतो, दुरुस्त करतो, व्हिडिओ पाठवतो आणि त्या कामाचे पैसे आल्यावर पंप साइटकडे निघतो. दोन पथ्यं: एकदा पार्ट परत दिला की हा हक्क संपला. आणि आपणच उधारी कबूल केली असेल तर हा हक्क राहत नाही. कायद्यात याच कलमाखाली शिंप्याचं उदाहरण दिलं आहे. कोट शिवून झाला की देतो आणि पैशाला तीन महिन्यांची मुदत, असं शिंप्यानं कबूल केलं असेल तर त्याला कोट अडवता येत नाही. शिवाय हा हक्क ठेवून घेण्याचा आहे, विकण्याचा नाही.

कंपनीचं काम: कागद पुरा तर पैसा पुरा

मोठ्या कंपन्या पैसे सहसा बुडवत नाहीत, पण कागद अपुरा असेल तर बिल टेबलावर पडून राहतं. काम सुरू करण्याआधी वर्क ऑर्डर किंवा पीओ (परचेस ऑर्डर) नंबर घ्या. साइट इंजिनिअर म्हणतो "तुम्ही सुरू करा, पीओ मागून येईल", तेव्हा निदान त्याच्याकडून ईमेल तरी घ्या. त्याची बदली झाली की त्याचा शब्दही त्याच्यासोबत जातो. बिल कुठे द्यायचं, साइटला की पुण्या-मुंबईच्या ऑफिसला, आणि कोणाच्या नावानं, हे पहिल्याच दिवशी विचारा. प्रतीवर तारखेसह पोचीचा शिक्का घ्या.

बिलावर पीओ नंबर, मशीन नंबर, अवर मीटर, सही असलेलं जॉबकार्ड, पॅन, बँक खातं आणि उद्यम नोंदणीचा नंबर (त्याचं पुढे सांगतो) हवा. वर्षभरात एका कंपनीचं एक लाखाच्या वर काम झालं, किंवा एकच बिल तीस हजारांच्या वर असलं, की ते बहुधा १ टक्का टीडीएस, म्हणजे आपला आयकर आधीच कापून घेतात. ते पैसे बुडालेले नसतात, आयकर पोर्टलवर आपल्या नावावर दिसतात आणि रिटर्न भरल्यावर हिशेबात येतात. पॅन दिला नाही तर कपात थेट २० टक्के.

उद्यम नोंदणी आजच करा

ही नोंदणी जुलै २०२० पासून सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटची गरज नाही. तिचा उपयोग असा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर साडेसोळा टक्के झाले. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजतात, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरतात. जॉबकार्डावर सहीसोबत तारीख का हवी ते इथं कळतं.

पैसे आलेच नाहीत तर राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कौन्सिलनं आपल्या बाजूनं निकाल दिला आणि समोरच्याला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी मात्र काम करण्याआधीची हवी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलं होतं. पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या कामाला तिचा फायदा मिळेल असं धरून चालू नका.

आणखी एक धागा आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकरात बदल झाला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत आठवण करायची ती सुपरवायझरला नाही, अकाउंट्सला, आणि ईमेलमध्ये उद्यम नंबर ठळक लिहून.

मागणं, थांबवणं आणि मुदत

बिल त्याच दिवशी, गाडीत बसूनच पाठवा. आठ दिवसांनी गेलेलं बिल मालकाला जुनं वाटतं. तिसऱ्या दिवशी निरोप, सातव्या दिवशी फोन, पंधराव्या दिवशी लेखी पत्र. फोनवर आवाज चढवायचा नाही. "कधी?" एवढंच विचारायचं आणि सांगितलेली तारीख निरोपात लिहून पाठवायची: "बोलल्याप्रमाणे १२ तारखेला १८,५०० येतील." प्रत्येक गिऱ्हाईकाची उधारीची मर्यादा माझ्या वहीत नावापुढे लिहिलेली आहे. ती ओलांडली की पुढचं मशीन बंद पडलं तरी आधी जुने पैसे, मग गाडी. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण ओळखीच्या माणसाला नाही म्हणवत नाही. पण मागची बाकी मागायला मशीन पुन्हा बंद पडलेलं असतं तेव्हाच जोर असतो.

चेक मिळाला तर तारीख, अक्षरी रक्कम आणि सही तिथंच तपासा आणि तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत वकिलाची लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात आणि त्यानंतर एक महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. "परत टाका, या वेळी पास होईल" या गोड शब्दांत हे दिवस निघून जातात, म्हणून चेक परत आल्याची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा.

साध्या उधारीसाठी दावा लावायची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. दर मार्चअखेरीला मी मोठ्या बाकीदारांकडून एक ओळ लिहून सही घेतो: "३१ मार्चअखेर आपल्याकडून येणे बाकी रु. अमुक, बरोबर आहे." मुदत संपायच्या आत मिळालेली ही सहीची कबुली तीन वर्षं नव्यानं मोजायला लावते.

एकच मशीन असलेला गावाकडचा मालक ही वेगळी गोष्ट आहे. त्याचं मन चांगलं असतं, पण जूनमध्ये पाऊस लागला की मशीन उभं आणि हप्ता चालू. त्याला कायद्याचा धाक दाखवण्यात अर्थ नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, काम जोरात असताना मी वही घेऊन त्याच्या साइटवर जातो आणि दर शनिवारी दोन-तीन हजार असं ठरवून घेतो. तीन-चार मशीनं असलेल्यांशी महिन्याचा ठराव करतो: महिन्याला दोन तपासण्या, फिल्टर-ग्रीसची देखरेख, बंद पडलं तर आधी त्यांच्याकडे, आणि ठरलेली रक्कम पाच तारखेला आगाऊ. हा ठराव मी १ ऑक्टोबरपासून करतो, कारण पाऊस सरत आलेला असतो, मशीनं बाहेर काढायची असतात आणि मिस्त्रीची आठवण त्यांना तेव्हाच येते.